दगडाची वरची बाजू

४ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आईचे गुडघे कसे आहेत? मी बरी आहे. तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देतेस कुठं?

इकडे विशेष काही नाही. क्वार्टरचा नळ पुन्हा गळायला लागलाय, प्लंबर ‘उद्या’ म्हणतो. दिवस शेडमध्ये जातो. आईला सांग, तिची मोठी लेक अजून दगडाच्या काकड्याच निवडत बसते. जमिनीत भोक पाडताना यंत्रातून निघणाऱ्या त्या दगडी कांड्यांना आम्ही कोअर म्हणतो, हे तिला वीस वर्षांत पटलेलं नाही. काकड्या तर काकड्या.

एक काम होतं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये करायचं म्हणत होतीस ना? ते आत्ताच उरकून घे. आणि भावोजींना बोलावून घे. चांगली तीन आठवड्यांची रजा काढायला सांग. तू एकटी दवाखान्याच्या खेपा किती घालणार? त्यांची रजा साठलेली आहे, मी ऑफिसात सहज चौकशी केली. मी सुचवलं असं मात्र म्हणू नकोस. त्यांना वाटेल, मेहुणी प्रत्येक गोष्टीत नाक खुपसते.

ते मजेत आहेत. रोज सकाळी हेल्मेट काखेत मारून शेडवरून जातात, मला हात करतात, टोळीतल्या कुणाची तरी टिंगल करत खाणीत उतरणाऱ्या पिंजऱ्याकडे वळतात. ते दिसेनासे होईपर्यंत मी खिडकीशी उभी राहते. पूर्वी राहत नव्हते.

सहा वर्षांपूर्वी मीच त्यांना इथं चिकटवलं होतं, आठवतं? तू तेव्हा म्हणाली होतीस, ताईच्या नजरेसमोर राहतील, बरं झालं.

लवकर बोलाव. पत्र मिळेल त्याच दिवशी फोन कर त्यांना.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

तुझं पत्र आज मिळालं. भावोजी आठ तारखेला पोचले, डॉक्टरांनी ऑपरेशनला तेरा तारीख दिली, हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझं पुढचं वाक्य मात्र मी दोनदा वाचलं. ‘ताई, खरं सांग, यांचं तिथं कुणाशी काही आहे का? म्हणून तू यांना घाईघाईने माझ्याकडे धाडलंस का?’

अगं वेडे, त्या माणसाला भुयारातून वर आल्यावर कान धुवायचं भान नसतं. तो लफडं कसलं करतोय! मी हसले आणि मग हसू आवरून बसून राहिले. कारण खोटं कारण सांगून बोलावलं की माणूस आपलं आपण खरं कारण शोधायला लागतो, आणि तू भलतंच शोधलंस. म्हणून सांगते. तुझ्यापुरतं ठेव.

आमची खाण म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ. तिथं ज्वालामुखी होते. समुद्राचं पाणी भेगांतून खोल झिरपायचं, तापायचं, खडकातले धातू विरघळवून घेऊन पुन्हा वर उसळायचं, आणि वरच्या थंड पाण्याशी गाठ पडली की सगळं ओझं तिथंच टाकायचं. तांबं, जस्त, शिसं, थोडी चांदी, सगळं गंधकात बांधलेलं. तसं साचून साचून एक भिंग तयार झालं, मध्ये जाड, कडेला पातळ. त्यावर पुढं नवा लाव्हा पसरला. म्हणजे वर कठीण लाव्हा, मध्ये धातूचं भिंग, आणि त्याखाली, जिथून ते गरम पाणी वर यायचं, तिथला खडक मात्र पार शिजून गेलेला. हिरवट पांढरा, मऊ. बोटाला साबणासारखा लागतो. ओला झाला की त्याचा भरवसा नाही.

भोकं ऐंशी-ऐंशी मीटरवर असतात. मधलं कुणी पाहिलेलं नसतं. ते माझ्यासारखं कुणीतरी टेबलाशी बसून ठरवतं. मी ठरवलं होतं की मऊ खडक भिंगाच्या खाली आहे. म्हणून मालवाहतुकीचं नवं भुयार भिंगाच्या वरून, कठीण लाव्ह्यातून न्यायचं ठरलं. खडक कठीण, म्हणून छत धरून ठेवणारे बोल्टही कमी. तेच भुयार भावोजींची टोळी खोदते आहे.

पण जमिनीला घड्या पडतात, आणि कधी कधी अख्खा थर अंथरुणासारखा उलटा होतो. इथं तसं झालं असेल, तर तो शिजलेला खडक आता वर आहे. भुयाराच्या डोक्यावर.

असेल तर, असं म्हणते आहे. हवेच्या विवरासाठी एक नवीन भोक पाडलं, त्याचा कोअर बघताना परवा मला शंका आली. शंकाच. माझ्या हिशेबाने भुयाराचं तोंड, म्हणजे खोदकामाचं आतलं टोक, त्या मऊ खडकापासून अजून चोवीस मीटर लांब आहे आणि रोज तीन मीटर पुढं सरकतं. तेवढ्यात मी खात्री करून घेईन आणि मगच तोंड उघडेन. नुसत्या शंकेवर अख्खं काम थांबवायचं म्हणजे केवढा गोंधळ, तुला कल्पना नाही. तोवर भावोजी तिकडेच बरे.

परवापासून जेवण जात नाही. सुरुंगाचा आवाज शेडमध्ये पोचतो, दुपारी दोनला. तो झाल्यावर मी शंभरपर्यंत आकडे मोजते. अपघाताचा भोंगा वाजला नाही तर पुन्हा कामाला लागते.

हे पत्र वाचून फाडून टाक.

ताई


१६ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

भावोजी सुखरूप आहेत. सगळे सुखरूप आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू सावकाश वाचशील.

तू पत्र फाडलं नाहीस, त्यांच्या हातात दिलंस. तुझ्यावर रागावून बघितलं, जमलं नाही.

ते चौदाला सकाळी दहाच्या सुमारास थेट शेडमध्ये आले. खांद्यावर पिशवी तशीच, दाढी वाढलेली. “चहा नको,” म्हणाले. मी विचारलंही नव्हतं.

“ताई, तुम्ही मला वर काढलंत. उपकार झाले. खाली आठ जण आहेत. ते कुणाचे मेहुणे?”

“मला खात्री नव्हती हो.”

“मला बोलावून घेण्यापुरती होती ना?”

त्यांनी पिशवी खाली ठेवली. “दाखवा मला. काय ते दाखवा.”

मी नव्या भोकाच्या कोअरची पेटी उघडली. तुलाही सांगते, कारण सगळं यातच आहे. बरणीत पाणी आणि वाळू ढवळून ठेवली तर जाड कण आधी बसतात, बारीक त्यांच्यावर. समुद्राच्या तळाशीही तसंच. दगडात बारीक कण वर दिसले तर थर सुलटा, जाड कण वर दिसले तर उलटा. नव्या पेटीत असे तीन तुकडे होते. तिन्हींत जाड कण वर. शिवाय जिथं निव्वळ लाव्हा हवा तिथं हातभर मऊ खडक.

“मग आधीच्या भोकांत हे कसं दिसलं नाही?” त्यांनी विचारलं. वीस वर्षं दगड फोडणारा माणूस तो, नेमकं तेच विचारणार.

दिसलं होतं, ठमे. सहा वर्षांपूर्वी, पहिल्याच भोकात दिसलं होतं. असाच एक तुकडा, जाड कण वर. तेव्हा शेडमध्ये पेट्या भरायला एक म्हातारे काका होते, आम्ही त्यांना पेटीकाका म्हणायचो. मला वाटलं, त्यांनी तुकडा उलटा ठेवला. मी त्यांना बोलावलं. ते म्हणाले, “बाई, भाजीत मीठ दोनदा पडेल माझ्या हातून, दगड उलटा पडायचा नाही.” मी चारचौघांत त्यांना सुनावलं की माणसाने चूक कबूल करायला शिकावं. आणि माझ्या हाताने तो तुकडा फिरवला. त्या दिवशीच्या डायरीत आहे, ‘एक तुकडा उलटा आढळला. सरळ केला. संबंधितांना समज दिली.’

पुढं प्रयोगशाळेचे आकडे आले. अशा भिंगात तांबं तळाला असतं आणि जस्त वर. आमच्यात तांबं वर निघालं. मी त्यालाही कारण शोधून काढलं, नंतरच्या उष्णतेने धातू हलले असतील म्हणून. दीड पान लिहिलं. साहेबांनी शाबासकी दिली. एकदा दगड फिरवला की पुढचं सगळं त्याच्या कलानं फिरवत जावं लागतं.

जुनी पेटी काढून मी तो तुकडा भावोजींच्या हातात दिला. त्यांनी तो पालथा केला. पेटीकाका प्रत्येक तुकड्यावर पिवळ्या खडूने बाण काढायचे, टोक वरच्या दिशेला. याच्याही पोटावर धुळीखाली बाण होता. मी ठेवल्याप्रमाणे त्याचं टोक खाली होतं.

“हा बाण कधी पाहिलात?”

‘परवा’ असं ओठांवर आलं होतं. तुला तेच लिहिलं होतं मी. ते खोटं होतं, ठमे. “एकोणीस जानेवारीला,” मी म्हणाले.

त्यांनी तुकडा पेटीत ठेवला, बाण वर करून ठेवला. मग म्हणाले, “साहेबांना तुम्ही सांगणार, का मी सांगू?”

मी सांगितलं. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “लेखी द्या.” मी उभ्या उभ्या लिहून दिलं. त्यांनी फोन उचलून दुपारचा सुरुंग थांबवला आणि भुयाराच्या तोंडाशी छतात वरच्या दिशेने भोक घ्यायला सांगितलं. “तुम्ही खाली जा,” म्हणाले. “तो दगड तुम्हीच ओळखणार.”

लिफ्टचं दार बंद होतानासुद्धा मी डोळे मिटते, तुला माहीत आहे. पिंजऱ्यात भावोजी माझ्या शेजारी उभे होते. खाली टोळीला काहीच ठाऊक नव्हतं. “काय फोरमन, रजा संपायच्या आत? बायकोनं हाकललं वाटतं!” असं कुणीतरी ओरडलं, सगळे हसले. “आणि बाई पण आल्या! आज दगडाची पत्रिका बघायची का काय?” भावोजी म्हणाले, “आवाज कमी करा रे,” आणि त्यांच्या सुरावरून हसणं विरलं.

छतात ड्रिल सुरू झालं. भोकातून करडं पाणी येत होतं, कठीण लाव्ह्याचं. एक मीटर, करडं. दोन मीटर, करडं. खरं सांगते, मला आनंद होऊ लागला. मी चुकले नव्हते, मऊ खडक खालीच होता, पेटीकाकाच चुकले होते. मनात साहेबांसमोर बोलायचं वाक्यसुद्धा जुळवायला घेतलं.

मग ड्रिलचा आवाज एकदम बसला. कांब सुर्रकन आत गेली. ड्रिलर म्हणाला, “च्यायला, लोणी लागलं आत!” पाणी पांढरं झालं होतं. मी दोन बोटं त्यात धरली. साबण.

भावोजी माझ्या कानाशी आले. “तुम्ही म्हणाला होतात, अजून पंधरा मीटर.”

तो माझाच आकडा होता. दोन भोकांच्या मधलं न बघता ठरवलेला, पहिल्यासारखाच.

“हत्यारं आहेत तिथं ठेवा,” ते हळू म्हणाले. “पळायचं नाही. बोलायचं नाही. चला.” आम्ही एकामागून एक चाललो. पुढं आठ, मग मी, शेवटी ते. छतावरून कुठं तरी खडा पडला की आमची सगळी रांग एकदम थबकायची आणि पुन्हा चालायची. माझ्या पुढच्या माणसाच्या मानेवर घाम चमकत होता. ती मान मी आजही ओळखेन.

काल मागच्या, पक्क्या भागातून सरकत सरकत आणखी भोकं घेतली. मऊ खडक तोंडापासून अठरा मीटर मागे सुरू होतो. रोजचे तीन. म्हणजे सहा दिवस. आठ तारखेला भावोजी तुझ्या दारात उतरले, त्याच दिवशी बाकीचे आठ त्या खडकाखाली शिरले. आणि अकराला इकडे टेबलाशी बसून मी तुला ‘अजून चोवीस मीटर’ लिहीत होते.

भुयार बंद केलंय. काही पडलेलं नाही. पडलं नाही म्हणून भीती गेली असं मात्र नाही. ती आता मागच्या दिवसांकडे तोंड करून बसलीय. दुपारी दोन वाजले की मी अजून आकडे मोजते. सुरुंग होत नाही, तरी मोजते.

मी काटेकोर आहे असं सगळे म्हणतात. जानेवारीत मी स्वतःला हेच सांगत होते, खात्री करून घेते, घाई नको. तो काटेकोरपणा होता की सहा वर्षांचं नाव जायची भीती होती, मला अजून उलगडत नाही. थोडा काटेकोरपणाही होता. पण ठमे, भावोजींना बोलावून घ्यायला तुला लिहिताना मला खात्री लागली नाही.

आणखी एक आहे. आज सकाळी ड्रिलरची बायको आणि दोघी-तिघी क्वार्टरवर आल्या होत्या. तिने माझे दोन्ही हात धरले. “बाई, तुम्ही होतात म्हणून आमची माणसं घरी आली.” मी म्हणाले, “बसा, चहा टाकते.” टाकला. त्या प्याल्या. मी काही बोलले नाही. साहेबांना दिलेल्या कागदातही मी ‘अलीकडे लक्षात आले’ असंच लिहिलंय. तारीख नाही.

तारीख भावोजींना माहीत आहे. त्यांनी कुणाला सांगितलेली नाही. काल मी त्यांना गाठलं, तर म्हणाले, “मी नाही सांगणार. ते तुमचं काम आहे, मॅडम.” इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

उद्या सकाळी सातला टोळी फळ्याशी जमेल, नव्या कामाची वाटणी ऐकायला. तिथं मी एकोणीस जानेवारी ही तारीख सांगणार आहे, आणि मी आधी कुणाला वर काढलं तेही. पेटीकाकांचा पत्ता ऑफिसातून घेतलाय, त्यांच्याकडे नंतर जाईन. पिंजऱ्यात डोळे मिटून का होईना, शिरले होते. आत्ता खुर्चीवरून उठवत नाही. तरी उठून हे पत्र आधी टपालपेटीत टाकून येते. तारीख तुझ्याकडे निघाली की उद्या माझी जीभ अडखळली तरी मागे फिरायला जागा उरणार नाही.

भावोजींनी तुला विचारलं, ताईशी बोलू का, तर तुला वाटेल ते सांग. माझी बाजू घेऊ नकोस.

तुझ्या नवऱ्याला आधी आणि आठ जणांना सहा दिवस उशिरा वर बोलावणारी,
तुझी ताई