आम्ही सगळे खंडाळ्याचे

प्रिय अंकिता,

फोनच केला असता, पण आमचं घर तुला माहीत आहे. इथे बोललेलं शेजारच्या राहीबाईंच्या चुलीपाशी ऐकू जातं. म्हणून लिहायला बसले. हसू नकोस, शाळेत निबंधसुद्धा तुझ्याकडून लिहून घेणारी मी!

शिराळ्याच्या नागपंचमीला आलीस, तेव्हा तुझ्या हातात बांगड्या भरता भरता विचारलं होतं, आपल्या गावच्या दवाखान्यातली एचआयव्ही तपासणीची खोली का बंद झाली? तू म्हणालीस, तुझ्या पुण्याच्या आरोग्य खात्याच्या कचेरीतल्या आकड्यांत आपल्या गावापुढे शून्य आहे. पेशंटच नाही तिथे सिस्टरला कशाला बसवतील? दुकानात बायका होत्या, म्हणून गप्प राहिले.

अगं, पेशंट होते. खूप होते. पण त्या खोलीत गाव विचारलं की खंडाळा सांगायचं, अशी आपल्याकडे रीतच पडली होती. खंडाळाच का, ते कुणाला ठाऊक! लांब आहे, आणि तिथे आपल्यापैकी कुणाची सोयरीक नाही, एवढंच. ट्रकवर जाणारे, ऊसतोडीला येऊन इथेच राहिलेले, नवरा गेल्यावर माहेरी परतलेल्या पोरी, सगळे खंडाळ्याचे. सिस्टर बिचारी कपाळाला हात लावायची आणि लिहून घ्यायची. आमची अब्रू झाकली गेली आणि खोलीला कुलूप लागलं. तुमच्या कागदावर आम्ही नाहीच, अंके, मग आमच्यासाठी गोळ्या येणार कुठून?

आता दोन एसट्या बदलून कराडला जावं लागतं. गेल्या महिन्यात तिथल्या रांगेत आमच्या गल्लीतला सयाजी दिसला, तोंडाला रुमाल बांधलेला. आम्हाला बघून त्याचा चेहराच उतरला. जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘भाभी, मी खंडाळ्याचा हाय बरं का. तुमी मला वळखत न्हाई.’ मी म्हटलं, ‘व्हय रं, आमीबी तिकडचेच.’ दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. मला रडू फुटलं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मदिहा. तिला सातवा लागला, म्हणून हिरव्या बांगड्या भरायला तिचा हात हातात घेतला. अंगठा दाबावा लागलाच नाही. बांगडी सरळ कोपरापर्यंत गेली. मी घाबरले. कराडला नेलं, रक्त तपासलं, आणि तिला तोच आजार निघाला. जावई नईम ट्रक घेऊन गेलाय, तो फोनच उचलत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या चुकवल्या नाहीत तर पोरीला काही होणार नाही, बाळही बहुतेक त्यातून सुटेल. पण सयाजीला पाहिल्यापासून मदिहा उंबरा ओलांडत नाही. ‘गावातलं माणूस भेटलं, आता मी जायची न्हाई,’ एवढंच म्हणते. मी ओरडले, तिच्या पाया पडले, एकदा तर हातही उगारला. ती भिंतीकडे तोंड करून पडते. गोळ्या संपत आल्यात, आणि मी एकटी गेले तर तपासायला पोटुशीच समोर हवी म्हणतात. माझी मती चालेनाशी झालीय गं. गावातली खोली असती तर बीपी दाखवायला म्हणून मी तिला चार पावलांवर घेऊन गेले असते.

म्हणून हे पत्र. मदिहा नईम मणेर, गाव आपलं. ते शून्य खोड, वरच्यांपुढे हे पत्र ठेव, भांड, पण बाळ यायच्या आत ती खोली उघडव. पाकीट चिकटवायच्या आधी मदिहाला सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, तुझं नाव खोडू का? ती भिंतीकडून माझ्याकडे वळली. मग पोटावर हात ठेवून म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे, अम्मी. माझं बाळ खंडाळ्याचं न्हाई.’

तुझीच,
शाहजादी