माहीम ते हर्णै, वल्ह्यांवर

रेवदंडा,
ता. ५ फेब्रुवारी १९८३

ती. सुभद्राताईस,
दौलतचा सा. न. वि. वि.

तुला न सांगता निघालो, रागावू नकोस. माहीमचा माझा दोस्त जगन तुला माहीत आहेच. त्याची बहीण मंजुळा हर्णैला दिली आहे. पावसाळ्यात तिच्या सासरची होडी खडकावर फुटली. म्हणून जगन आपली जुनी अरुंद होडी तिला देऊन टाकायला वल्हवत निघाला आणि दुसऱ्या वल्ह्याला त्याला माणूस हवा होता. गिरणीच्या संपाला वर्ष झालं, माझे हात रिकामेच. शांताशी भांडण झालं आणि त्याच सकाळी मी होडीत बसलो.

आज चौथा दिवस. तळहात फोडांनी भरलेत, खाऱ्या पाण्याने मांड्या सोलल्यात. पाय पसरायला जागा नाही, त्यामुळे किनाऱ्याला लागलो की मी आधी रांगतो, मग उभा राहतो. जगन पोट धरून हसतो. पण सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा पाणी नुसतं तेलासारखं. वीस वर्षं गिरणीत साच्यांच्या खडखडाटात माझे कान गेले असं मी धरून चाललो होतो. ताई, इथे वल्ह्यावरून गळणारे थेंब मला ऐकू येतात.

उत्तर श्रीवर्धनला जगनच्या मामांकडे, बुधाजींच्या पत्त्यावर धाड. रागातून उरेल तेवढी माया असू दे.

तुझा,
दौलत

डिलाईल रोड,
ता. ९ फेब्रुवारी १९८३

चि. दौलत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पंचेचाळिशीत पोरखेळ सुचला तुला. फोडांना खोबरेल लाव आणि ते सुईने फोडू नकोस.

गिरणीला अजून कुलूपच आहे. शांता तुझं नाव काढत नाही. पण रोज सकाळी माहीमच्या कोळीवाड्यात जाते आणि जगनच्या बायकोला, काशीबाईला, काही निरोप आला का म्हणून विचारते. उगाच आली असं वाटू नये म्हणून दर वेळी बोंबील घेऊन येते. पाच दिवस आम्ही बोंबीलच खातोय. पुढचं पत्र लवकर लिही, म्हणजे भाजी तरी शिजेल.

जपून ये. आईच्या माघारी मी हक्काने रागवावं असा तूच उरलास.

तुझी,
ताई

हर्णै,
ता. १६ फेब्रुवारी १९८३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचलो. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी आणि समोरून येणाऱ्या लाटा एकमेकांवर आदळत होत्या. होडी उलटली. तिची कड लागून जगनचा खांदा निखळला. मी एका हाताने त्याला आणि एका हाताने होडी धरून राहिलो. काठावरच्या कोळ्यांनी आम्हाला ओढून घेतलं. वैद्यांनी खांदा बसवला, पण त्याला वल्हं धरता येईना. त्याने होडी तिथेच ठेवून एसटीने जाऊ म्हटलं. मी नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी मागच्या, होडी हाकणाऱ्याच्या फळीवर बसलो. जगन पुढे बसून एवढंच म्हणाला, “दौलत, आता होडी तुझी.” दोन दिवस तो वाट सांगत होता आणि मी वल्हवत होतो. केळशीपुढे डॉल्फिन बरोबरीने पोहले. हात रक्ताळले होते तरी मी गात होतो, असं जगन सांगतो.

आज पहाटे मंजुळा आणि तिचा नवरा त्याच होडीतून मासे मारून आले. ताई, वर्षभराने माझ्या हातचं काम कुणाच्या तरी उपयोगी पडताना पाहिलं. संप मिटेपर्यंत माहीमला आपल्याबरोबर दुसऱ्या होडीवर मासेमारीला ये, असं जगन म्हणतो. मी हो म्हटलंय. शांताला तूच सांग, माझा धीर होत नाही.

तुझाच,
दौलत

डिलाईल रोड,
ता. २० फेब्रुवारी १९८३

ह्यांस,
शांताचा नमस्कार. वि. वि.

वन्सं पत्र वाचून दाखवत होत्या. होडी उलटली तिथे त्यांचा आवाज गेला, म्हणून मी पत्र घेऊन पुढचं स्वतः वाचलं. दोनदा वाचलं.

त्या दिवशी मी एवढंच म्हटलं होतं, की सारखे दारात बसता, जरा नाक्यापर्यंत तरी जाऊन या. तुम्ही हर्णैला गेलात.

जगनभाऊजींबरोबर खुशाल जा, माझी ना नाही. पण आता एसटीने या. हात बरे होईपर्यंत घास मी भरवीन. हे वन्संना कळू देऊ नका.

वाट पाहणारी,
शांता