स्वहस्ताक्षरात अर्ज

२६ मे ७६, बुधवार

सकाळपासून पाच अर्ज लिहिले. त्यांतले चार दुसऱ्यांचे. उषाचेच दोन, एक बँकेला, एक विम्याच्या कचेरीला. शाई वाळेपर्यंत ती कागद हलवत बसली. म्हणाली, "महानंदा, तुझं अक्षर बघून तरी मला बोलावतील. मग माझं तोंड बघून परत पाठवतील, ते वेगळं."

एम.ए.चा निकाल जुलैत. तोवर सगळ्यांचे अर्ज 'परीक्षेस बसले आहे' या एका वाक्यावर उभे.

आप्पांना चहा देता देता अव्वा म्हणाली, कॉलेज संपलं तरी तुझं लिहिणं संपत नाही.

२८ मे, शुक्रवार

वाचनालयाबाहेरच्या कट्ट्यावर तिघंच. मी, उषा, अंबादास. वर्गातले बाकीचे आपापल्या गावी गेले.

उषाने विषय काढला. नोकरी कशी हवी? पगार सोडून सांगायचं. तिचं तयारच होतं. डोक्यावर पंखा, साडेपाचला सुट्टी, आणि साहेबाने 'ए' म्हणून हाक मारायची नाही.

अं. कट्ट्यावर नीट मांडी घालून बसला. मग म्हणाला, "आमच्या घरात चार माग. जेवायला या म्हणायचं तर ओरडावं लागतंय. हळू बोललं तरी चालेल, अशी नोकरी पाहिजे."

"मग ग्रंथपाल व्हा," मी म्हटलं.

"नको ओ. तिथं बोलतच नाहीत की."

खूप हसलो. माझी पाळी आली तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. खरं ते इथे लिहिते. घरून निघायची एक वेळ असावी, परत यायची एक वेळ असावी, आणि मधल्या तासांबद्दल कुणी विचारू नये.

३१ मे, सोमवार

वर्तमानपत्रात जाहिरात. शहरातलंच हायस्कूल. अकरावी-बारावीला मराठी शिकवायचं. जागा एक. परीक्षेला बसलेलेही चालतील.

आप्पांनी बाहेरगावी जायला बंदी केली आहे. शहरात मिळाली तर कर म्हणतात. दिवाळीपर्यंत नाही मिळाली तर विजापूरची माणसं बघायला येणार. तेव्हा हीच.

अं. विचारत होता, "तुम्ही भरताय का? मग मी नाही भरत."

म्हटलं, भरा. दोघांतल्या एकाला तरी मिळेल.

त्याचा अर्ज मीच लिहिला. लहानपणी मागावरचा धोटा सुटून त्याच्या उजव्या हाताला लागला, दोन बोटं वाकडी झाली. परीक्षेत इतरांच्या निम्मंच लिहून होतं त्याचं. तरी बी.ए.ला दुसरा वर्ग. त्यांच्या गल्लीत अर्ज ही लिहून घ्यायचीच गोष्ट. मुन्सिपालटीला लिहायचं असो की जावयाला, कुणाकडून तरी लिहून घेतात, खाली सही करतात. सही करायलाही त्याला वेळ लागला. मी दुसरीकडे बघत राहिले.

माझ्यापेक्षा त्याचाच अर्ज चांगला झाला.

९ जून, बुधवार

दोघांनाही मुलाखतीची पत्रं. शनिवारी, अकरा वाजता. उषाला अजून कुठूनच नाही. तरी तिनेच पेढे आणले.

१२ जून, शनिवार

थोडक्यात लिहिते.

आधी मला बोलावलं. टेबलामागे संस्थेचे सेक्रेटरी, मुख्याध्यापक आणि आणखी एक जण. साहित्याबद्दल दोन प्रश्न झाले. मग सेक्रेटरींनी दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे फिरवले.

"हे अक्षर कुणाचं, बाई?"

"माझं."

"आणि हे?"

"माझंच."

त्यांनी जाहिरातीचं कात्रण पुढे केलं. त्यात 'अर्ज स्वहस्ताक्षरात करावा' या ओळीखाली लाल रेघ. ती ओळ आम्ही दोघांनी वाचली होती. टंकलेखन चालणार नाही, एवढाच अर्थ दोघांनीही घेतला. टायपिंग करून घ्यायला आम्ही जाणार तरी कुठे? ती आमच्यासाठी नाहीच, असं वाटलं.

मग अं. आत गेला. दोन मिनिटांत बाहेर आला, हसत. म्हणाला, "मी सांगितलं की, माझं अक्षर वाईट म्हणून चांगल्या अक्षराच्या माणसाकडून लिहून घेतलं. ते म्हणाले, या तुम्ही."

हसू फाटकापर्यंत टिकलं. पुढे सायकल हातात धरून चालत गेला, बसला नाही.

१३ जून, रविवार

दुसरं अक्षर माझं नाही, असं म्हणायला हवं होतं का? म्हटलं असतं तरी सेक्रेटरींच्या समोर दोन्ही कागद होतेच. आणि म्हटलं असतं तर...

दिवसभर एकही ओळ वाचली नाही.

१७ जून, गुरुवार

नेमणुकीचं पत्र आलं. माझ्या नावाचं. आठ दिवसांत रुजू व्हावे.

आप्पांनी आमच्या धान्याच्या दुकानातच फोडलं. दोनदा वाचलं. मग ज्वारी घ्यायला आलेल्या माणसालाही वाचायला दिलं. त्या माणसाला वाचता येत नव्हतं. त्याने कपाळाला लावून परत दिलं.

१८ जून, शुक्रवार

रात्री जेवताना आप्पांना सगळं सांगितलं. ते भात कालवत होते. मग म्हणाले, "अर्ज दोन, चूक दोघांची, जागा एक."

अव्वा म्हणाली, "तू नाही म्हणालीस तर ते त्याला देणार आहेत का?"

मला माहीत नाही.

१९ जून, शनिवार

अं.च्या घरी गेले. पहिल्यांदाच. उषाला बरोबर नेलं. गल्लीच्या तोंडापासून मागांचा आवाज. काय बोलायचं ते मी वाटेवर ठरवलं होतं. ओरडून बोलायची मनाची तयारीही केली होती.

आम्ही उंबऱ्याशी आलो आणि त्याच्या वडिलांनी माग थांबवला. मग दुसरा, तिसरा, चौथा. पाहुणा आला की थांबवतात, ही त्यांची रीत. मला ती माहीत नव्हती. मी ओरडले, "मी ती नोकरी घेणार नाही!" सबंध घर शांत, आणि मी ओरडत होते. शेजारच्या बायका दारात आल्या. उषा खाली मान घालून हसायला लागली. मग त्याची आई. मग सगळेच.

आई म्हणाली, "कूर्चो अम्मा," आणि तिने हाताला धरून चटईवर बसवलं. चहा दिला.

वडील मराठी तोडून तोडून बोलतात. "पोरी, तू नाय म्हणलीस तर माझ्या पोराला देतील काय?"

"नाही, असं वाटतं."

"मग कोण बसणार तिथं?"

"तिसराच कुणीतरी."

"तो तिसरा आमचा कोण लागतो?"

अं. कोपऱ्यात उभा होता. मी त्याला म्हटलं, तुम्ही पुन्हा अर्ज करा, स्वतःच्या हाताने. त्यांना तुमचं अक्षर हवं होतं ना, तेच दाखवा.

"दाखवायला तो काय दागिना हाय का?" असं म्हणाला आणि बाहेर निघून गेला. त्याला चिडलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं.

परत निघालो तेव्हा माग लगेच सुरू झाले नाहीत. आम्ही वळणाच्या पलीकडे जाईपर्यंत त्यांनी थांबवून ठेवले.

२१ जून, सोमवार

शाळेच्या कचेरीत गेले. रुजू होताना कोणती कागदपत्रं लागतील ते विचारायला, असं सांगून. हेडक्लार्कने यादी दिली. मग मी विचारलं, आणखी एखादी जागा?

"बारावीची दुसरी तुकडी मंजूर झाली तर निघेल. महिनाअखेरपर्यंत कळेल. झाली नाही तर नाही."

"एकदा नाकारलेल्या माणसाचा अर्ज चालतो?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नवा अर्ज म्हणजे नवा अर्ज. पण या वेळी तुम्ही हात लावू नका, बाई."

कचेरीतले सगळे हसले. मीही हसले. बाहेर येऊन नळाच्या पाण्याने तोंड धुतलं.

उषाच्या हाती अं.ला निरोप पाठवला. तुकडीचं, आणि हेडक्लार्कचं वाक्य जसंच्या तसं.

२२ जून, मंगळवार

उत्तर नाही.

उषाकडून कळलं की अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात त्याला टाइमकीपरचं काम देऊ करताहेत. मालक ओळखीचा. पहिल्या तारखेपासून ये म्हणतो. तिथे चाळीस माग आहेत, पॉवरलूम. उषा म्हणाली, "तिथे त्याला खाणाखुणांनीच बोलावं लागेल."

सहा वर्षं एका बाकावरून दुसऱ्या बाकावर वह्या गेल्या. माझ्या त्याच्याकडे. त्याची माझ्याकडे कधीच आली नाही. त्याचं अक्षर मी अजून पाहिलेलं नाही, हे आज लक्षात आलं.

२३ जून, बुधवार

संध्याकाळी अं. दुकानात आला. आप्पा गल्ल्यावर होते, मी मागे पोत्यांपाशी. त्याने आप्पांना नमस्कार केला. आप्पांनी त्याला स्टूल दिलं. तो बसला नाही.

पाकीट माझ्या हातात दिलं. चिकटवलेलं नव्हतं. बोटांना शाई.

"किती दिवस लागले?"

"चार. चार दिवसांत दोन पानं."

म्हणजे शनिवारी चिडून गेला, त्याच दिवशी लिहायला बसला. निरोप पोचायच्या आधीच.

"वाचू?"

"नको. तुम्हाला चुका दिसतील. आणि तुमचा हात गप्प राहणार नाही ओ."

मग म्हणाला, "उद्या शेवटचा दिवस आहे तुमचा. जा. तुम्ही तिथं असलात तर मला कळेल तरी, तिथं कसं असतंय. नाहीतर तेही कळायचं नाही."

तो गेल्यावर आप्पांनी पाकिटाकडे पाहिलं. दुकानाच्या फळ्या लावताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "होगव्वा." जा, बाळ. लहानपणी शाळेत पाठवताना म्हणायचे, त्यानंतर आजच.

२४ जून, गुरुवार

रुजू झाले. मस्टरवर सही केली. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन पाकीट पुढे ठेवलं. सांगितलं, कुणाचं आहे ते. मी ते उघडलेलं नाही, हेही सांगितलं.

त्यांनी कागद बाहेर काढले. अक्षरं मला उलटी दिसत होती. मोठी मोठी, एकेक वेगळं उभं. कुठे रेघेच्या वर, कुठे खाली. एका ओळीत चार-पाचच शब्द. खाडाखोड नव्हती.

मला वाटलं, वरवर नजर टाकून बाजूला ठेवतील. त्यांनी खुर्ची खिडकीकडे ओढली. एकेका शब्दाला थांबत होते. तासाची घंटा झाली, शिपाई दारात येऊन गेला. त्यांनी पान उलटलं. मी उभीच होते.

वाचून झाल्यावर घडी घातली. अर्ज फाइलला लावला नाही. मलाही परत दिला नाही. शर्टाच्या खिशात ठेवला. म्हणाले, "तुकडीचं अजून काही कळलेलं नाही. जा, वर्ग वाट बघतोय."

वर्गात बावन्न मुलं. काय शिकवलं, आठवत नाही. शेवटच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, मोठ्यानं बोला की, ऐकू येईना."

सुटल्यावर फाटकाबाहेर अं. सायकल धरून उभा. आम्ही चालायला लागलो. चौक ओलांडल्यावर म्हणाला, "घेतला का त्यांनी?"

"वाचला."

"सगळा?"

"हो."

थोडं पुढे गेलो. तो थांबला. सायकलच्या मागच्या चाकात हवा आहे का, ते दाबून पाहिलं. हवा होती.

"दुसरं पानसुद्धा?"

"दुसरं जास्त वेळ," मी म्हटलं.