सहा झाकणं, दोन हात रंग

३ मार्च, डेल्फझाइल बंदर
विमा संस्थेची तपासनीस चौदा तारखेला जहाजावर येणार. वीबेने सुरक्षेची यादी माझ्याकडे सोपवली. नवरा कॅप्टन असला तरी अक्षर कोंबडीच्या पायाचं, माझं कॉन्व्हेंटमधलं. दर शनिवारी फेरी मारायची, प्रत्येक वस्तू हात लावून पाहायची, खूण करायची. खाली सही इंजिनियर हार्मेनची. संकल्प: न पाहता एकही खूण करणार नाही. सिस्टर वालबुर्गा म्हणायच्या, कुणाला न दिसणारा कोपरा आधी झाडावा. किती गोड बाई. पट्टी मात्र जोरात मारायच्या.

८ मार्च, शनिवार
बोचरा वारा. यादी स्वयंपाकघरातच पुरी केली, कॉफीबरोबर. बावीस वर्षं या जहाजावर संसार केला. आपल्याच घराच्या खिडक्या कुणी दर आठवड्याला तपासतं का? एकोणचाळीस खुणा, सगळ्या एकसारख्या. हार्मेनने न वाचता सही केली. म्हणाला, तुम्ही पाहिलंय ना, मग झालं. जरा टोचलं. पुढच्या शनिवारी दोन फेऱ्या मारीन, म्हणजे फिट्टंफाट.

९ मार्च
हार्मेन म्हणतो, इंजिनरूमला हवा देणाऱ्या सहा झाकणांचे नट जाम होत चाललेत, ते फिरवल्याशिवाय झाकण मिटत नाही, ग्रीस हवं. आग लागली तर झाकणं दोन मिनिटांत बंद झाली पाहिजेत, नाहीतर वारा मिळून भडका. तो स्वतः पंपात अडकलाय. मी लावते म्हटलं.

११ मार्च
ग्रीस काळं, चिकट, नखांतून निघत नाही. शिवाय तपासनीस बाईमाणूस. तिला टापटीप आवडणार. झाकणांना पांढरा रंग दिला, नटांना लाल. दोन हात. चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला पांढऱ्या झग्यातल्या मुली रांगेत उभ्या असाव्यात तशी दिसतात. हार्मेन म्हणाला, छान, पण आधी ग्रीस लावलंत ना? हो म्हटलं. नंतरही लावता येतंच.

१४ मार्च, दुपार
तपासनीस ओकिंगाबाईंनी रंगाचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, खाली आग लागली असं समजा, झाकणं बंद करा. हार्मेनने पाना लावला. वाळलेल्या रंगाखाली पहिल्याच झाकणाचा नट हलेना. त्याने अंगाचा सगळा भार टाकला, पाना निसटला, उजव्या हाताची दोन बोटं मोडली. बाईंनी यादी काढली. खूण केलेली, खाली हार्मेनची सही. मी प्रथमोपचाराची पेटी आणायला पळाले. ती तरी जागेवर होती.

१५ मार्च
आज वीबेला सांगायचंच. सकाळी तो ऑफिसशी फोनवर. दुपारी त्याचा चेहरा बघवेना. शेवटी अपघाताचा फॉर्म लिहायला घेतला. ‘काय घडलं’ या चौकटीत हल्लीच्या रंगाच्या दर्जाबद्दल पाऊण पान झालं. फाडलं. उद्या नवा लिहीन.

१६ मार्च
ऑफिसने हार्मेनला कामावरून काढून जहाजावरून उतरवायचं ठरवलं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. वीबे सांगत होता की हार्मेनने स्वतःच कबूल केलं, ग्रीस लावायचं त्याच्याकडून राहिलं. माझं नावही काढलं नाही. उद्या तो उतरायच्या आत सगळ्यांसमोर बोलणार. नक्की. वाटाण्याचं सूप जास्त केलं, त्याच्यासाठी डबा भरला.

१७ मार्च, सकाळी सव्वासात
हार्मेन शिडीपाशी. बँडेजमुळे जॅकेटची चेन लावता येईना, मी लावली. तो हळूच म्हणाला, “रडू नका, कप्तानीणबाई. मला भावाचं घर आहे. तुम्हा दोघांचं घर म्हणजे हेच जहाज.”
वीबे चार पावलांवर उभा होता. मी तोंड उघडलं.
म्हटलं, “सूप नीट गरम करून खा.”

२२ मार्च, शनिवार
नवा इंजिनियर अजून यायचाय. टॉर्च घेऊन खरी फेरी मारली. अडीच तास. प्रत्येक वस्तूला हात लावला. सहापैकी पाच झाकणं बंद होत नाहीत. जसं आहे तसं स्वच्छ अक्षरात लिहिलं. पहिल्यांदाच यादी खरी झाली. फार हलकं वाटलं.
वीबेने ती दोनदा वाचली. म्हणाला, “बघ, माणूस गेल्यावर कळतं त्याचं काम किती कच्चं होतं. तू आहेस म्हणून सापडलं हे.”
मी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.