पेटी वाजली होती का?

बाबा,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला आज पहिल्यांदा लिहिते आहे. तसं कारण साधं आहे. येत्या रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर मला साक्ष द्यायची आहे. दुःखातून मला विश्वास आणि आशा कशी सापडली, हे दहा मिनिटांत सांगायचं आहे. मी आजवर बऱ्याच गोष्टी लिहिल्या, दिवाळी अंकांत छापून आल्या, आणि तरी ही दहा मिनिटं मला तीन आठवडे लिहिता आलेली नाहीत. तीन वेळा लिहिली, तीन वेळा फाडली. अडलं आहे ते तुमच्यापाशी. म्हणून आधी तुम्हाला विचारते. धाकटीच्या दफनाच्या दिवशी तुम्ही पेटी वाजवली होती का?

मला तर ती वाजलेली आठवते. मी नऊ वर्षांची आहे, धाकटी पाच. शेवगावच्या पलीकडचं आपलं ते गाव, शाळेच्या दोन खोल्या आणि त्यांना लागूनच आपलं घर. दिवाळी होऊन गेलेली, म्हणजे निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, तुमच्या वर्गात जेमतेम अकरा पोरं उरलेली. तीन दिवसांच्या तापात धाकटी गेली. आई चुलीपुढे बसून आहे, चूल पेटलेली नाही, आणि तरी ती फुंकणीने फुंकते आहे. बाहेर अंगणात सतरंजी, तिच्यावर मंडळी, आणि मधोमध तुम्ही, पुढ्यात पेटी. तुमचा डावा हात भात्यावर मागेपुढे होतो आहे. मंडळी गात आहेत. रविवारी जसे बसता तसेच ताठ बसला आहात, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी नाही. मी दारात उभी राहून तुमच्या हातांकडे बघते आहे आणि मनात म्हणते आहे, यांचे हात चालतात कसे?

तो प्रश्न मी पुढे पन्नास वर्षं बाळगला. जूनमध्ये तुम्ही मला नगरला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये ठेवलंत. एसटीतून उतरल्यावर मी विचारलं, "हे तर वेगळ्या चर्चचे आहेत ना?" तर तुम्ही ट्रंक खांद्यावर घेत म्हणालात, "देव तोच आहे. यांच्याकडे मेणबत्त्या जरा जास्त आहेत, एवढंच." तेव्हा मला हसू आलं नाही. आता येतं. सिस्टरांनी मला टापटीप अक्षर दिलं, निबंध लिहायला शिकवलं, गुडघे टेकायला शिकवलं. मी सगळं नीट शिकले. पण गुडघे टेकले की मला अंगणातले तुमचे हात दिसायचे, आणि वाटायचं, ज्या देवासाठी माणूस पोटच्या पोरीच्या मातीला सूर धरू शकतो, त्या देवाशी आपलं काही जमायचं नाही. मी कोणाला तसं बोलले नाही. लग्न झाल्यावर ह्यांच्याबरोबर नाताळला आणि ईस्टरला चर्चमध्ये जात राहिले, साडी चांगली नेसून. हे रोज सकाळी प्रार्थना करायचे, मी तेवढ्या वेळात दूध तापवायचे.

तेविसाव्या वर्षी मी ती गोष्ट लिहिली. तुम्हाला माहीतच आहे कुठली. लेकीच्या दफनाला पेटी वाजवणारा एक मास्तर. संपादकांनी पत्र पाठवून कौतुक केलं, बाप फार कठोर आणि फार खरा उतरला आहे म्हणून. त्या नाताळला मी अंक घेऊन घरी आले आणि मुद्दाम तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही वाचावा असंही वाटत होतं आणि वाचू नये असंही. आई स्वयंपाकघरात करंज्या तळत होती आणि मी कातणीने कडा कापत होते. तुम्ही उंबऱ्यात येऊन उभे राहिलात, कानाला पेन्सिल, हातात अंक. मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही म्हणालात, "छपाई स्वच्छ आहे." मग परातीतली एक करंजी उचललीत, आई ओरडली, "अहो, गरम आहे!", आणि तुम्ही ती एका हातातून दुसऱ्या हातात टाकत निघून गेलात. बस, एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. त्यावर आपलं कधीच बोलणं झालं नाही.

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगते. हे गेले, सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. घर माणसांनी भरलं. माझ्या दिरांनी चर्चच्या राखणदाराला फोन लावला आणि घाईघाईत एवढंच म्हणाले, "पेटी पाठवा लवकर. टेम्पोच करा." तासाभराने टेम्पो आला. राखणदार मागच्या बाजूने उतरला, डोक्यावरची टोपी काढली, आणि मोठ्या अदबीने हार्मोनियम उतरवून आमच्या व्हरांड्यात ठेवली.

दीर बघतच राहिले. "अहो, ही कशाला आणली?"

"तुमीच म्हनला ना साहेब, पेटी पाठवा."

"ही नव्हे हो! ती पेटी! ती!"

"ती म्हंजी कोन्ती? चर्चमदी हीच एक हाय." मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा पडला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "वैनी, ढोलकी आन झांजा बी आनल्यात."

बाबा, मी हसले. हे आत पलंगावर पांढऱ्या चादरीखाली, आणि मी व्हरांड्यात तोंडाला पदर लावून हसतेय. ते हसू थांबेना. बायकांना वाटलं मी रडतेय, त्यांनी मला धरून बसवलं, आणि बसवलं ते नेमकं त्या पेटीच्या पुढ्यात. ती दुसरी पेटी, मयताची, सुताराकडून यायला दोन तास लागणार होते. तोवर काय करायचं, कोणाला सुचेना.

आत्या आली होती. तुमची धाकटी बहीण आता अठ्ठ्याऐंशीची आहे, तिला दोघांनी धरून आणलं होतं. ती माझ्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "आता आलीच हाय तर वाजव की. मास्तराची लेक ना तू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मला नाही जमायचं. त्यांनी पोटच्या पोरीच्या मयताला वाजवली, मी नवऱ्याच्या वाजवणार नाही."

"कोन म्हन्तं वाजवली?"

"मी होते ना तिथं. मी ऐकली."

"काय आयकली? अगं पोरी, नुसता भाता हालवत हुता त्यो. बोट कुठं ठिवत हुता पट्टीवर? मी म्होरंच बसल्ये हुते. सूर न्हाई, काय न्हाई. आमी वाट बघितली, बघितली, आन मग आमीच धरलं गानं. त्यो आपला हवा घालत बसला शेवटपातूर."

  पन्नास वर्षं मी ज्या आवाजावरून तुमच्याशी रुसले होते, देवाशी रुसले होते, तो आवाज झालाच नव्हता, असं ही बाई झांजा मांडीवर घेऊन मला सांगत होती. मी पेटीचा भाता उघडला. डाव्या हाताने हवा भरली. उजवा हात पट्ट्यांवर नेला, आणि बाबा, बोट खाली जाईना. खरंच जाईना. दुखत नव्हतं, थरथरत नव्हतं, नुसतं जात नव्हतं. मी हवा घालत बसले. आधी राखणदाराने गाणं धरलं, मग आत्याने, मग दिरांनी, ज्यांना सुरात गाता येत नाही त्यांनीसुद्धा. व्हरांड्यातून ते गाणं आत पलंगापर्यंत जात होतं. मी गात नव्हते आणि वाजवतही नव्हते, पण मी त्या गाण्यात होते. चर्चमध्ये एवढी वर्षं चांगल्या साड्या नेसून बसले, तेव्हा कधी नव्हते.

सगळं आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, मी ट्रंकेतून तो दिवाळी अंक काढला. ती गोष्ट उघडली. "बाबांनी पेटी वाजवली" हे वाक्य आहे तिथे 'वाजवली' या शब्दाखाली पेन्सिलीचं एक टिंब आहे. ते मी त्या नाताळलाही पाहिलं होतं. मला वाटलं होतं, तुम्ही शुद्धलेखनाची चूक दाखवली आहे. मी शब्दकोशसुद्धा पाहिला होता आणि मनातल्या मनात तुम्हालाच चुकीचं ठरवलं होतं. पण शुद्धलेखनाला तुम्ही खाली रेघ मारायचात. टिंबाचा अर्थ वेगळा होता. उत्तर चुकलं की तुम्ही खोडायचा नाहीत, नुसतं टिंब द्यायचात आणि पोराला म्हणायचात, "पुन्हा बघ." तुमच्या अकरा पोरांना हे ठाऊक होतं. मी कॉन्व्हेंटात लाल शाईच्या फुल्यांना सरावले आणि विसरले.

इथवर लिहिलं की माझी साक्ष छान तयार होते. तीन वेळा झाली. हरवलेली लेक, मुका बाप, टिंब, आणि शेवटी विश्वास. पाळकांच्या पत्नींचा मंगळवारी फोन आला. "मावशी, झालं का लिहून? शेवटी विजय असू द्या हं."

"कसला विजय?"

"म्हणजे आशा हो. लोकांना घरी जाताना बरं वाटलं पाहिजे." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पुढच्या बाकावर ती असणार आहे. तिची मुलगी गेली ना गेल्या महिन्यात, तिच्यासाठीच ठेवलंय. तुमचं ऐकून तिला धीर येईल."

तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. कारण मला आता काहीच नक्की ठाऊक नाही, बाबा. आत्या हल्ली कधी कधी मला आई समजते आणि जात्याचा खुंटा कुठे ठेवलास म्हणून विचारते. तिचं खरं कशावरून? त्या पानावर आणखी दोन ठिपके आहेत, एक समासात, एक दोन ओळींच्या मध्ये. ते कसले? कदाचित तुम्ही वाचताना पेन्सिल नुसती टेकवली असेल. आणि मला तर अजूनही डोळे मिटले की तो सूर ऐकू येतो, अगदी स्पष्ट. मी लिहिणारी बाई आहे. ज्या गोष्टी घडल्या नाहीत त्या डोळ्यांपुढे उभ्या करणं हेच मी जन्मभर केलं. मग नवव्या वर्षी मी एक सूर रचला, आणि चौसष्टाव्या वर्षी एक मुका भाता रचते आहे, असं तर नाही ना? आणि त्या दिवशी व्हरांड्यात मला जे भेटलं, तेही मीच रचलं असेल तर? पहिल्या कल्पनेने देव घालवला, दुसरीने परत आणला, असं त्या पुढच्या बाकावरच्या बाईला कुठल्या तोंडाने सांगू? तिची मुलगी कल्पनेतली नव्हती.

आज दुपारी मी तिच्या घरी जाऊन आले. काही ठरवून गेले नव्हते. ती मुलीचे शाळेचे गणवेश धुऊन वाळत घालत होती, शाळेतल्या दुसऱ्या मुलींना द्यायला. मी एक बादली उचलली आणि तिला कपडे पिळून देऊ लागले. निम्मी दोरी भरली. मग तिने विचारलं, "मावशी, रविवारी तुम्ही बोलणार आहात ना? तुम्हाला नक्की वाटतं का हो, की आपले गेलेले आहेत कुठंतरी?"

मी म्हणाले, "नक्की नाही वाटत."

मला वाटलं, आता ती निघून जाईल. ती म्हणाली, "बरं झालं. मला वाटलं माझं एकटीचंच असं आहे." आणि पुढचा फ्रॉक माझ्या हातात दिला.

घरी येऊन मी पाळकांच्या पत्नींना फोन केला. सांगितलं की मी रविवारी बोलेन, पण लिहून आणणार नाही, आणि विजय नसेल. टेम्पोचं सांगेन, मी हसले ते सांगेन, आणि मला न गाता गाण्यात बसता आलं ते सांगेन. तुम्ही वाजवली की नाही, ते मला माहीत नाही, हेही सांगेन. त्या म्हणाल्या, "दहा मिनिटांत बसवा म्हणजे झालं."

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, पाठवणारही नाही. फक्त एक कबूल करते. हे गेल्यापासून मी रोज सकाळी प्रार्थना करते, पण लिहिण्याची सवय जात नाही. बोलता बोलता शब्द बदलते, एखादं वाक्य जमलं नाही की मागे जाऊन पुन्हा म्हणते. आज म्हणाले, "तू असशील तर बाबांना सांग, मी त्यांना फार वर्षं चुकीचं वाचलं." लगेच वाटलं, हे 'असशील तर' काढून टाकावं, देवापुढे बरं दिसत नाही. नाही काढलं. तसंच राहू दिलं आणि आमेन म्हणाले.