सिंगापूरला तू तिला नेलंस

आई, मागच्या महिन्यात मी बँकॉकला जाऊन तुझा लाडका बँड बघून आले. सोबत आपल्या समोरच्या दारातली ती होती, जिला तू सिंगापूरला घेऊन गेली होतीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना मला राग येतोच. तू तिला नेलंस. मला नाही.

बोरिवलीचं ते स्वयंपाकघर मला नीट आठवतं. रविवारची सकाळ आहे, तू विळीवर नारळ खवते आहेस, ओट्यावर टेपरेकॉर्डर आहे आणि त्यातून त्या बँडचा गाणारा गळा फाडून गातोय. अंधेरीच्या कंपनीत गोळ्यांच्या पॅकिंगला असताना कुणा मैत्रिणीने तुला पहिली कॅसेट दिली आणि मालवणातून आलेल्या गिरणी कामगाराची मुलगी इंग्रजी रॉकच्या नादाला लागली. बाबा दार लोटून पेपर वाचायचे. समोरची ती माझ्याच वर्गातली, पण रविवारी यायची ती तुझ्यासाठी. तुम्ही दोघी मान हलवत बसायचात आणि मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून तुमचं हसणं ऐकायचे. दहावीत एकदा मी तरातरा येऊन टेप बंद केला. तू हात धुतलेस, पुन्हा लावलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आवाज कमी करतंय. बंद करूचंय नाय." तेव्हा ती खाली मान घालून हसली, ते मी अजून विसरलेले नाही.

मग मी नोकरीला लागले, आणि एक दिवस जेवताना तू सांगितलंस, "बँड सिंगापूरला येतोय. दोघींची तिकिटं काढली आहेत." मला वाटलं, दोघी म्हणजे तू आणि मी. साहेबांकडे रजा कशी मागायची याचा मी विचारसुद्धा करायला लागले होते. तेवढ्यात तू तिचं नाव घेतलंस. मी विचारलं, "मला का नाही विचारलंस?" तुला खरंच नवल वाटलं. "तुका आवडत नाय ना गो," तू म्हणालीस. "तू तिथे कंटाळून बसणार, मग माझं सगळं लक्ष तुझ्याकडे." परत आलात तेव्हा तुम्हा दोघींच्या अंगात सारखे काळे टी-शर्ट होते. माझ्यासाठी तू छत्री आणली होतीस. चांगली होती. मी ती कधी उघडली नाही.

या वर्षी मालाडहून तिचा फोन आला. "चल ना यार, बहुतेक शेवटचाच दौरा आहे त्यांचा. काकू असती तर गेलीच असती." मी हो म्हणाले ते गाण्यांसाठी नाही. तू तिथे कशी होतीस, हे मला तिच्याकडून काढून घ्यायचं होतं. इतकी वर्षं ते तिने एकटीने जवळ ठेवलं होतं.

स्टेडियममध्ये आमच्या शेजारी एक अनोळखी बाई होती. आपली समोरची त्या बाईला इंग्रजीत सांगत होती की या बँडची गोडी मला माझ्या काकूने लावली, आणि सांगता सांगता डोळे पुसत होती. मला वाटलं, हिच्या हातातला रुमाल ओढून घ्यावा. आई माझी होती. बँड यायला अजून वेळ होता, तेव्हा मी विचारलंच, "सिंगापूरला आई माझ्याबद्दल काही बोलली होती?"

ती विचारात पडली. खोटं बोलली असती तरी मला चाललं असतं.

"नाही गं," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल नाही, काकांबद्दल नाही, कोणाबद्दलच नाही. नुसती नाचत होती. खुर्चीवर चढली, गार्डने उतरवलं, तर परत चढली. शेवटी त्याने नाद सोडला."

गुडघे दुखतात म्हणून माळ्यावरचा डबा मला काढायला लावायचीस तू. आणि तिथे खुर्चीवर. मी ते डोळ्यांसमोर आणायला बघत होते, पण मला आपलं स्वयंपाकघरच दिसत होतं. तिला मात्र सगळं दिसत होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिचा इतका हेवा मला तुझ्या हयातीतही वाटला नसेल.

मग दिवे गेले आणि ते आले. गाणारा म्हातारा झालाय, आई. दोन गाण्यांच्या मध्ये तो स्टुलावर बसून पाणी पितो. पण एकदा सुरू झाला की सगळं स्टेडियम उभं राहतं. मीही राहिले. ती माझा दंड धरून ओरडत होती, आणि काही वेळाने माझ्या लक्षात आलं की मीही ओरडतेय.

घरी सगळ्यांनी विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, ठीक होतं. हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून तुला सांगते. मधली बरीच गाणी मला तुझी आठवण आली नाही. तिचा रागही आला नाही. मला मजा येत होती.