पेटी मंगळवेढ्याला का गेली

हिंदुरावमालक, रामराम.

नव्या पिच्चरची पेटी चुकून मंगळवेढ्याच्या यष्टीत गेली न्हाय. सोलापूरच्या स्टँडावर मीच ती चढवली. हमालाला उगंच शिव्या बसल्या.

कुंभारीच्या तुमच्या तंबूत जुनाच पिच्चर अजून चार दिस चालावा, म्हनून केलं. आई गेल्यापास्नं आमचा बा घरात बोलत न्हाय. पर तंबूत रोज जातो. पिच्चरमधला हवालदार शेनात पडायच्या आदीच बा हसतो आन शेजारच्याला सांगतो, "आता बघ की, पडतंय बेनं."

तुमच्या माराला मी भीत न्हाय. पर हे बाच्या कानावर गेलं, तर लाजंनं तो तंबूकडं फिरकायचा न्हाय. म्हनून पत्र खिशातच ऱ्हातंय. हमालाला मी चहा पाजतो.

कनातीखालनं शिरनारं तुमचं गिऱ्हाईक,
मानसिंग